ऑस्टिन सेव्हनची थरथर आणि भोसरीतलं गॅरेज

भोसरीतल्या या छोट्या गॅरेजला पाचपैकी चार.

गाडी सासऱ्यांची, १९३४ ची ऑस्टिन सेव्हन, ७४७ सीसी. दुखणी दोन. निघताना हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची आणि ताशी ४० च्या पुढे गेलं की मागच्या सीटखालून घरघर. आधीच्या गॅरेजने दोन्ही एकच समजून क्लच प्लेट बदलली, पैसे घेतले, गाडी होती तशीच.

इथल्या मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. शेजारी बसले. "काका, चाळीसला न्या आणि न्यूट्रल करा." इंजिन मंदावलं, घरघर तशीच. "म्हणजे हे गिअरबॉक्सच्या मागचं. क्लचचं वेगळं बघू." तीन वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) मध्ये या गाडीला कापड-रबराची चकती असते. ती काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली: बोल्टची भोकं लांबुळकी झालेली, पदर पापुद्र्यासारखे सुटलेले. नवी लेस्टरला राहणाऱ्या भाच्याने पाठवली. इंग्लंडात या गाडीचे पार्ट अजून बनतात. पण खरा घोळ मागच्या डाव्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाक जिथे ॲक्सलला बसतं त्या मधल्या भागात, निघाला. ॲक्सल शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब घट्ट धरायला हवा. इथे सगळा भार बिचाऱ्या चावीवर, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्यावर. असंच चालवलं तर शाफ्टच तुटतो. मिस्त्रींनी ग्राइंडिंग पेस्ट लावून हब हाताने फिरवत घासला, कुठे टेकतोय ते कळायला निळा रंग लावून बघितला, पुन्हा घासला. अख्खी दुपार गेली. निळा डाग सगळीकडे सारखा उमटला तेव्हा मला हाक मारून दाखवला.

क्लचमध्ये इंजिनचं तेल झिरपत होतं, नव्या प्लेटचं लायनिंगही (घर्षणाने पकड देणारा थर) माखलेलं. गळती आवरली, लायनिंग बदललं, प्लेट सोडवणारी तिन्ही बोटं एका उंचीवर आणली. हुडहुडी गेली. पेडल मात्र जेमतेम इंचभरच चालतं, क्लच एकतर लागलेला नाहीतर सुटलेला. ती या गाडीची जातच आहे.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. २ आठवडे सांगून ६ लावले, फोन उचलत नाहीत, जाऊनच बसावं लागतं. (चहा चांगला असतो.) बिल १८,००० रुपये, चकती वेगळी. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. २०० किलोमीटरनंतर हबचा नट तपासायला बोलावलं होतं. गेलो. पाव फेरा आवळला, पैसे घेतले नाहीत.