ट्रेकच्या आणीबाणीच्या डबीत काय: काडेपेटी की लायटर?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर वाट चुकली, रात्र गुहेत काढावी लागली, तर विस्तव जीव वाचवतो. (हे अभयारण्य आहे; एरवी तिथे आग पेटवायचीच नाही.)

काडेपेटी स्वस्त आणि हलकी. पण तिचा जीव बाजूच्या तपकिरी पट्टीत. लाल फॉस्फरस तिथे असतो. पट्टी भिजून बोटाला चिकटू लागली, की कोरड्या काड्याही फुकट. म्हणून काड्यांची गुलं मेणात बुडवायची आणि पट्टीचा तुकडा कापून त्यांच्यासोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचा.

लायटर भिजला तरी संपत नाही. पाणी झटकायचं, चाकावर फुंकर घालायची, ते कोरडं होईपर्यंत फिरवत राहायचं. ठिणगी परत येते. गारठलेल्या अंगठ्याला ते जड जातं, हे खरं. हिमालयात मात्र त्याच्यावर विसंबू नका. शून्य अंशाच्या आसपास लायटरमधल्या ब्यूटेन या द्रवरूप इंधनाचा वायू होणंच थांबतं, तेव्हा लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

सह्याद्रीसाठी मी लायटरच घेते. पारदर्शक, म्हणजे गॅस किती उरला ते दिसतं. आणि बटणाखाली रबरबँड गुंडाळते, नाहीतर सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन सगळा गॅस उडून जातो.