लाईट ब्लू: उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढल्यावर

डोल्चे अँड गबानाचं हे २००१ सालचं सेंट, बनवणारे ऑलिव्हिए क्रेस्प. आधी लिंबू आणि हिरवं सफरचंद, मग जाई नि पांढरा गुलाब, तळाला सीडरचं लाकूड आणि मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास. लिंबू सालीचं आहे, सरबताचं नाही, किंचित कडसरच. मुंबईत हीच खरी जमेची बाजू. व्हॅनिलावाली गोड सेंट्स मे महिन्यात दादरचा पूल चढेपर्यंत डोक्यात जातात, हे जात नाही.

टिकतं मात्र कमी. लिंबाचे रेणू हलके, उष्ण त्वचेवरून ते अर्ध्या तासात उडतात. फुलं साधारण तीन-चार तास. त्यानंतर उरतो तो सीडर-मस्क, तोही अंगापेक्षा सुती कापडावर जास्त.

म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून बिनवासाचं लोशन लावावं, मगच फवारा. मानेमागे दोन, कोपरांच्या आत एकेक, कुर्त्याच्या आतल्या बाजूला एक, अंतर वीतभर. मनगटं एकमेकांवर घासू नयेत. सुगंधी टाल्कम लावलं असेल तर सफरचंद विसराच. दुपारी पुन्हा मारायचं तर आधी ओल्या रुमालाने घाम टिपावा, नाहीतर आंबूस भपकारा येतो. खोटे दागिने नंतर घालावेत, अल्कोहोलने पॉलिश जातं.

हिशेब असा: एका फवाऱ्यात सुमारे ०.१ मिली. सकाळी पाच, दुपारी तीन म्हणजे रोज ०.८ मिली, १०० मिलीची बाटली चार महिने, ५० ची दोन. रोज वापरणाऱ्याने ५० च्या वाटेला जाऊ नये. बाटली खोक्यासकट कपाटात ठेवावी. खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत राहिली की आधी लिंबूच बिघडतं, कारण त्यातलं लिमोनीन, म्हणजे लिंबाच्या सालीतलं रसायन, हवेने आणि उष्णतेने ऑक्सिडाइज होतं.

आणखी एक: सतत अंगावर असलेला मस्क आपल्याच नाकाला जाणवेनासा होतो. 'उडालं' म्हणून लोकलमध्ये आणखी फवारण्याआधी शेजारणीला विचारावं, तिला बहुतेक येत असतो!

रात्रीच्या लग्नाला हे घेऊ नका, मोगऱ्याच्या गजऱ्यापुढे त्याचा पत्ताही लागत नाही. ऑफिस, कॉलेज, दुपारची बाहेरची कामं यांना झकास. घेण्याआधी मॉलच्या एसीत कागदी पट्टीवर ठरवू नका. हातावर मारून घ्या, बाहेर रस्त्यावर तासभर फिरा, आणि घामात मिसळल्यावर काय उरतं ते हुंगा.