पावसाळा ते उन्हाळा : दिवे विझवलेल्या कॅबिनेटचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एम. जी. रोडवरून कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट घेतलं. फॅन चांगले निघाले. पुढे तीन, मागे एक, हवा भरपूर. तक्रार फक्त दिव्यांची. बिनदिव्याचं मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, काचेचं घेताय तर लाइट येणारच." आणि पुढून जाळी असलेलं दुसरं त्याच्याकडे नव्हतंही.

सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपसाठी मी ड्रॉइंग करतो, रेंडर (ड्रॉइंगवरून चित्र तयार करण्याचं लांबलचक काम) रात्री लावून झोपतो आणि लेकही त्याच खोलीत झोपते. पहिल्याच रात्री आईने विचारलं, "ही वरात कधी थांबणार रे?"

कॅबिनेटवर एलईडीचं बटण आहे. थोडा वेळ दाबून धरलं की पुढच्या फॅनचे दिवे विझतात. पण पावसात लाइट गेली, परत आली, मशीन चालू केलं की इंद्रधनुष्य हजर. यामागचं कारण साधं आहे. एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो अशा) फॅनच्या दिव्यांना चिप असते आणि तिला डेटाच्या तारेवरून रंगाचा हुकूम मिळतो. 'बंद' हासुद्धा हुकूमच, काळ्या रंगाचा. आमच्या हबची (फॅनच्या वायरी जोडायच्या छोट्या बोर्डाची) वीज तुटली की तो हा हुकूम विसरतो आणि कारखान्यातून भरून आलेला खेळ पहिल्यापासून सुरू करतो. काही हब शेवटची सेटिंग लक्षात ठेवतात, हा नाही.

मग हबची तीन पिनांची वायर मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या हेडरला (वायर खोचायच्या पिनांना) लावली आणि पुढचे दिवे बायॉसमधून (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधून) बंद केले. असूसच्या बोर्डांवर या सोयीचं नाव 'स्टेल्थ मोड', इतरांकडे वेगळं काहीतरी. गणपतीपासून दिवाळीपर्यंत हे चोख चाललं. पुढे बायॉस अपडेट केलं, सगळी सेटिंग मूळपदावर गेली आणि वरात परत दारात. बोर्डाबरोबर येणारं विंडोजमधलं सॉफ्टवेअर मी टाकलंच नाही. दिवे बंद राहावेत म्हणून एक प्रोग्रॅम कायम चालू ठेवायचा, हे मला पटत नाही. ग्राफिक्स कार्डाचा लोगो मात्र ओपनआरजीबी नावाच्या सॉफ्टवेअरने घालवला, ते मोफत आहे आणि जड नाही.

दिवाळीनंतर काच उतरवून वायरी नीट पाहिल्या. पुढच्या प्रत्येक फॅनला दोन वायरी होत्या : चार पिनांची मोटरसाठी, तीन पिनांची दिव्यांसाठी. तीन पिनांच्या वायरी हबमधून सरळ उपटल्या. फॅन फिरतात, वेगही पूर्वीसारखाच बदलतो, दिव्यांपर्यंत वीजच पोहोचत नाही. मोकळी टोकं टायने बांधून मागच्या बाजूला सारली. तेव्हापासून कितीदा लाइट गेली असेल, पुढचे दिवे पुन्हा लागलेले नाहीत. पुन्हा कधी जोडायची वेळ आली तर एवढंच सांभाळा : चार पिनांचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टचे दिवे त्यावर लावले तर ते कायमचे विझतील.

मागचा फॅन वेगळ्या जातीचा निघाला. थेट एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स प्लगवर, पिवळी आणि काळी अशा दोनच तारा, दिवे आणि मोटर एकाच १२ व्होल्टवर. अशा फॅनला बटण, बायॉस, सॉफ्टवेअर यांपैकी काहीही लागू पडत नाही. व्होल्टेज कमी केलं तर दिवा मंदावतो, पण फॅनही मंदावतो. काळी टेप लावून पाहिली, तरी पारदर्शक पात्यांतून उजेड यायचाच. काहीजण फ्रेममधल्या एलईडीच्या तारा कापतात. त्यापेक्षा मी फॅनच बदलला : आर्क्टिकचा साधा काळा पी१२ पीडब्ल्यूएम, मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांचा. आवाजातला खरा फरक इथे पडला, कारण जुना मोलेक्सवाला कायम पूर्ण वेगाने पळत होता.

निफाडचा पारा पेपरात यायचा त्या थंडीच्या दिवसांत फॅन जेमतेम फिरायचे. आता उन्हात रेंडर लावला की आवाज चढतो, तेही साहजिकच. दिवे गेल्याने प्रोसेसरचं तापमान कमी झालं का, असं मित्र विचारतात. नाही. या दिव्यांना लागते किती वीज? वीजबिलातही काही दिसणार नाही. फायदा झोपेचा, तेवढाच.

मशीन शट डाउन केल्यावरही दिवे जळत असतील तर त्यांना स्टँडबायची वीज मिळत असते. बायॉसमध्ये ईआरपी नावाचं सेटिंग चालू केलं की ती तुटते. मात्र मग बंद मशीनच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज होत नाही. आमच्या घरी याच मुद्द्यावर ते दोनदा चालू-बंद झालं.

नवीन कॅबिनेट घेणाऱ्याने दुकानातच काच काढायला लावावी आणि फॅनच्या वायरी बघाव्यात. मोटर आणि दिव्यांच्या वायरी वेगळ्या असतील तर खुशाल घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच कॅबिनेटांत दोन्ही मिळून सहा पिनांचा एकच प्लग असतो. तो काढला तर फॅनच थांबतो, त्यामुळे सगळी भिस्त हबच्या बटणावर येते. तसलं मी फुकटात मिळालं तरी झोपायच्या खोलीत ठेवणार नाही.