हॅन्सार्डसोबत आठ महिने: युद्धोत्तर ब्रिटन सभागृहाच्या इतिवृत्तातून वाचताना

पदवीच्या तृतीय वर्षाला १९४५ नंतरचा ब्रिटन शिकवताना मला नेहमी एक अडचण येत असे. पाठ्यपुस्तकात ॲटली येतात, राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होते, साम्राज्य आटोपते, सुएझ घडते, थॅचर येतात आणि जातात. प्रत्येक प्रकरणाचा शेवट विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे ते घडत असताना माणसांना काय दिसत होते, हा प्रश्न त्याला पडतच नाही. यावर उपाय म्हणून मी आधी वर्तमानपत्रांच्या एका सशुल्क संग्रहाची वर्गणी भरली. तिचा शोध इतका मोघम होता की तीन महिन्यांत ती बंद केली. त्यानंतर मी हॅन्सार्डकडे, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या अधिकृत इतिवृत्ताकडे, वळलो. त्याला आता आठ महिने झाले.

प्रथम वापराविषयी. १८०३ पासूनची पाने इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तारीख ठाऊक असेल तर त्या दिवसाची संपूर्ण बैठक समोर येते आणि सदस्याचे नाव ठाऊक असेल तर त्याची भाषणे वर्षवार सापडतात. सभागृहात सदस्य एकमेकांचा उल्लेख मतदारसंघावरून करतात, परंतु इतिवृत्तात त्यापुढे कंसात नाव दिलेले असते, त्यामुळे आपल्यासारख्या परक्या वाचकाची सोय होते. तारखांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. केनियातील ब्रिटिशांच्या होला बंदी-छावणीत १९५९ च्या मार्चमध्ये ११ कैदी मारहाणीत मरण पावले. त्यावरील चर्चेत इनॉक पॉवेल मध्यरात्र उलटल्यानंतर बोलले. मी ते भाषण २८ जुलैच्या पानांत शोधत बसलो आणि ते सापडले २७ जुलैला, कारण इतिवृत्तात बैठक ज्या दिवशी सुरू झाली तीच तारीख धरतात. चूक अर्थातच माझी होती.

ते भाषण वाचून मी चकित झालो. आफ्रिकेत एक मापदंड आणि मायदेशात दुसरा, असे आपल्याला चालणार नाही, असे हा हुजूर पक्षाचा सदस्य आपल्याच सरकारला सुनावत होता. याच पॉवेल यांचे स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण हॅन्सार्डमध्ये शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. ते तिथे असणारच नव्हते. २० एप्रिल १९६८ रोजी ते बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात पक्षाच्या बैठकीत झाले होते. दुसऱ्या दिवशी पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी पॉवेल यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रतिमंत्रिमंडळातून, काढले. २३ एप्रिलला सभागृहात वांशिक भेदभावाला आळा घालणाऱ्या वंशसंबंध विधेयकाचे द्वितीय वाचन झाले आणि ते सगळे हॅन्सार्डमध्ये आहे. युद्धोत्तर काळातील सर्वांत गाजलेल्या राजकीय भाषणांपैकी एक या संग्रहाच्या बाहेर राहते, ही गोष्ट मी आता दरवर्षी वर्गात पहिल्याच तासाला सांगणार आहे.

स्थलांतराच्या विषयासाठी हा संग्रह विलक्षण उपयोगी पडला. १९४८ च्या उन्हाळ्यात संसदेसमोर राष्ट्रीयत्वाचे विधेयक होते. त्याने वसाहतींतील माणसाला ब्रिटनमधील माणसाइतकेच नागरिकत्व दिले आणि ३० जुलैला त्यावर राजाची मोहोर उमटली. त्याच जूनमध्ये जमैकाहून निघालेले ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिलबरीला लागले. ते वाटेत असतानाच श्रममंत्री जॉर्ज आयझॅक्स सभागृहात सांगत होते की, या माणसांचे अनुकरण करण्यास इतरांना कोणी उत्तेजन देऊ नये. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने ते लोटून धरायचे, असा हा प्रकार. वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस, जेम्स कॅलाहन गृहमंत्री असताना केनियातील आशियाईंना रोखणारा कायदा संसदेने अवघ्या तीन दिवसांत उरकला. नैरोबीतील गुजराती, पंजाबी आणि गोवेकर कुटुंबांपैकी ज्यांच्यापाशी ब्रिटिश पासपोर्ट होता, त्यांच्या दृष्टीने त्या पासपोर्टचे मोल एका आठवड्यात उतरले. त्या तीन दिवसांची पाने सलग वाचल्यावर सरकारची घाई अंगावर येते.

आता विश्वासार्हतेचा प्रश्न. हॅन्सार्ड शब्दशः असते, हा समज पूर्णपणे खरा नाही. पुनरुक्ती गाळलेली असते, उघड चुका सुधारलेल्या असतात, आशय मात्र राखलेला असतो. पण बोललेले नीट नोंदले गेले म्हणजे जे बोलले गेले ते खरे ठरत नाही. सुएझ कालव्यावरून ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर केलेल्या कारवाईनंतर, २० डिसेंबर १९५६ रोजी, पंतप्रधान अँथनी ईडन यांनी सभागृहाला सांगितले की, इस्राएल इजिप्तवर हल्ला करणार याची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती. प्रत्यक्षात २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सेव्र् येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांच्या प्रतिनिधींनी त्याच हल्ल्याच्या योजनेवर सह्या केल्या होत्या. ब्रिटिश प्रत ईडन यांनी नष्ट करवली. इस्राएलकडची प्रत राहिली. मंत्रिमंडळाचे सुएझविषयक कागद तीस वर्षांच्या नियमानुसार १९८७ च्या जानेवारीत खुले झाले. म्हणून सुएझची पाने मी विद्यार्थ्यांना एकटी कधीच देत नाही. शेजारी सेव्र्चा मजकूर ठेवतो आणि मग ईडन यांचे उत्तर मोठ्याने वाचायला लावतो. इतिवृत्ताने खोटे प्रामाणिकपणे जपून ठेवले, हा माझ्या लेखी त्याचा दोष नसून मोठा गुण आहे.

मतविभागणीच्या, म्हणजे कोणी कोणत्या बाजूने मत दिले त्याच्या, याद्या कंटाळवाण्या वाटतील, तरी त्या टाळू नयेत. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी युरोपीय समुदायात सामील होण्याच्या बाजूने ३५६ आणि विरोधात २४४ मते पडली. होकाराच्या यादीत रॉय जेन्किन्स यांच्यासह ६९ मजूर सदस्यांची नावे आहेत आणि ती आपल्या पक्षाचा आदेश मोडून आलेली आहेत. पण २८ मार्च १९७९ ची यादी पाहा: तोवर पंतप्रधान झालेल्या कॅलाहन यांचे मजूर सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. मजूर सदस्य सर आल्फ्रेड ब्रॉटन आजारी असल्यामुळे येऊ शकले नाहीत, हे यादी सांगत नाही. एरवी सरकारला साथ देणारे उत्तर आयर्लंडचे फ्रँक मॅग्वायर लंडनला येऊनही मत न देता राहिले, तेही नाही. यादीत गैरहजेरीला रकाना नसतो आणि इथे तर सरकार गैरहजेरीनेच पडले.

आवाजाच्या बाबतीतही हीच मर्यादा जाणवते. १३ नोव्हेंबर १९९० रोजी थॅचर यांचे उपपंतप्रधान राहिलेले सर जेफ्री हाऊ यांनी राजीनाम्याचे निवेदन करताना थॅचर यांच्या युरोपविषयक धोरणाला क्रिकेटची उपमा दिली: सलामीच्या फलंदाजांना मैदानावर पाठवायचे आणि पहिले चेंडू पडू लागताच त्यांना कळायचे की, सामन्याआधी कर्णधारानेच त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्या आहेत. हे आमच्या मुलांना कोणत्याही टिपेशिवाय समजते. परंतु छापील पानावर ते निवेदन जवळजवळ सौम्य वाटते. सभागृहात दूरचित्रवाणीचे कॅमेरे वर्षभरापूर्वीच, २१ नोव्हेंबर १९८९ रोजी, आले होते, म्हणून त्या दिवसाचे चित्रण उपलब्ध आहे. ते पाहिले की शेजारी गंभीरपणे बसलेले माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन दिसतात आणि आवाज न चढवता केलेला वार किती खोल गेला, ते कळते. नऊ दिवसांनी थॅचर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपासाठी मात्र हा संग्रह मला फारसा उपयोगी पडला नाही. चर्चा भरपूर आहेत. पण यॉर्कशायरच्या एखाद्या खाणवस्तीत वर्षभर चुली कशा पेटल्या, हे सभागृहात क्वचितच पोहोचले. त्यासाठी कामगारांच्या मुलाखतींकडेच जावे लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ॲटली सरकारातील आरोग्यमंत्री बेव्हन यांचे ३० एप्रिल १९४६ चे आरोग्यसेवा विधेयकावरील भाषण आधी घ्यावे. इंग्रजी सरळ आहे, मुद्दा दर परिच्छेदाला पुढे सरकतो आणि हुजूर पक्षाचे आक्षेप त्यानंतरच्या पानांवर लगेच मिळतात. माझ्या वर्गातील एका मुलीने दोन्ही बाजू वाचून विचारले की, इतका विरोध करणाऱ्या पक्षाने १९५१ मध्ये सत्तेवर आल्यावर ही सेवा मोडली का नाही. सध्या आम्ही १९५२ ची पाने वाचत आहोत.