जुनं खोकं की नवी आवृत्ती?

दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला जुन्या गाड्यांचं वेड नवं नाही. माझं १/२५ मापाच्या, सुटे भाग जोडून छोटी गाडी बनवायच्या प्लास्टिक किटवर येऊन थांबलंय. १९६०-७०च्या दशकांतलं मूळ खोकं, म्हणजे तेव्हाचं न जोडलेलं किट घ्यावं, की कंपनी ते पुन्हा काढेल म्हणून वाट बघावी?

मूळ खोक्याचा रुबाब काही औरच. पण आतले डीकॅल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं) पिवळे पडलेले, पाण्यात टाकले की तुकडे. मऊ टायर ज्या भागाला टेकलेत तिथलं प्लास्टिक खातात. वर आपला पावसाळा!

नव्या आवृत्तीत डीकॅल ताजे, किंमतही सोसवते. एएमटी, एमपीसी या अमेरिकन किट-ब्रँडची कितीतरी जुनी किट, ते ब्रँड आता जिच्याकडे आहेत त्या राउंड टू कंपनीनं पुन्हा काढलीत. अडचण साच्यांची. काही साचे पुढच्या मॉडेलसाठी कापून बदलले गेले, ते परत कुठून आणणार?

जोडायचं असेल तर मी थांबेन. नुसतं कपाटात मिरवायचं असेल, तर घे की मूळ खोकं, भावा.