व्हर्साय, बीजिंग, इस्तंबूल की दिल्ली: राजसत्ता समजून घेण्यासाठी कोणता राजवाडा पाहावा?

एखादाच राजवाडा सावकाश पाहण्याची किंवा अभ्यासण्याची संधी असेल, आणि राजसत्ता स्वतःला दगड-विटांतून कशी मांडते हे समजून घेण्याचा हेतू असेल, तर निवड केवळ सौंदर्यावर सोपवून चालत नाही. सुंदर तर बहुतेक सगळेच आहेत. येथे चार राजवाडे शेजारी-शेजारी ठेवले आहेत: फ्रान्समधील व्हर्साय, बीजिंगमधील निषिद्ध नगर, इस्तंबूलमधील तोपकापी आणि दिल्लीचा लाल किल्ला. या चारही ठिकाणी राजाचे निवासस्थान आणि राज्याचे आसन एकाच आवारात होते, त्यामुळे त्यांची तुलना न्याय्य ठरते. तुलनेसाठी दोनच कसोट्या लावल्या आहेत. पहिली, बाहेरच्या दरवाज्यापासून राजापर्यंत पोचायला काय काय ओलांडावे लागे आणि ते कोणाला शक्य होते. आणि दुसरी, त्या वास्तूतून राजा वजा केला तर मागे काय उरत असे.

अंतराच्या कसोटीवर निषिद्ध नगराला तोड नाही. मिंग घराण्याच्या योंगल सम्राटाने १४०६ ते १४२० या काळात ते उभारले. सुमारे ७२ हेक्टरांचा हा काटकोनी परिसर दक्षिणोत्तर अक्षावर असा बेतला आहे की, चालणाऱ्याला आपण किती लहान आहोत हे प्रत्येक दरवाज्याशी नव्याने कळावे. तियानआनमेन, दुआनमेन, वूमेन आणि तैहेमेन असे चार दरवाजे ओलांडल्यावर तीन थरांच्या संगमरवरी चौथऱ्यावरचे तैहे सभागृह समोर येते. वूमेनच्या मधल्या कमानीतून जाण्याचा अधिकार सम्राटाचा. सम्राज्ञीला तो विवाहाच्या दिवशी मिळे आणि राजपरीक्षेत पहिल्या तिघांत आलेल्या उमेदवारांना बाहेर पडताना एकदाच मिळे. ज्या व्यवस्थेत विद्वत्तेला इतका मान होता आणि तो मान इतका मोजून-मापून दिला जाई, ती व्यवस्था एका कमानीतून जशी कळते तशी अनेक ग्रंथांतूनही कळत नाही.

व्हर्सायमध्ये याच्या अगदी उलट हिशेब आहे. तेथे राजा सहज दिसतो, किंबहुना तो सतत दिसत राहावा अशीच रचना आहे. तेराव्या लुईच्या शिकारवाड्याचा चौदाव्या लुईने १६६१ पासून विस्तार केला आणि ६ मे १६८२ रोजी दरबार कायमचा तेथे हलवला. बऱ्यापैकी पोशाख असलेला आणि कमरेला तलवार लावलेला कोणीही पुरुष राजवाड्याच्या दालनांत फिरू शके, आणि ज्याच्याकडे तलवार नसे त्याला ती दरवाज्यावर भाड्याने मिळे. तरीही व्हर्साय मोकळे होते असे म्हणता येत नाही, कारण तेथील भिंती दगडांच्या नसून शिष्टाचाराच्या होत्या. राजा सकाळी उठे तेव्हा कोणत्या क्रमाने कोणी खोलीत यावे, सदरा त्याच्या हाती कोणी द्यावा, रात्री निजताना मेणबत्तीचे दिवठाणे कोणी धरावे, राणीसमोर कोणत्या सरदारपत्नीला बिनपाठीच्या स्टुलावर बसता येईल, या सगळ्याचे नियम होते आणि त्या नियमांसाठी मोठमोठे उमराव आयुष्य खर्च करीत. उमरावांच्या बंडाळीत या राजाचे बालपण गेले होते. १६५१ मध्ये पॅरिसच्या जमावाने तेथील राजवाड्यात शिरून, बारा वर्षांचा राजा अंथरुणात आहे की पळून गेला, हे प्रत्यक्ष पाहून खात्री केली होती. पुढे १७०१ मध्ये याच राजाने आपले शयनगृह राजवाड्याच्या बरोबर मध्यावर, उगवतीकडे तोंड करून आणले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही, पण त्या एकमेकींशेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही.

तोपकापी पाहायला जाणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. भव्य दर्शनी भाग नाही, एकसंध इमारत नाही. झाडांचे चौक, बुटके मंडप आणि एकात एक उघडणारे दरवाजे एवढेच दिसते. उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यानंतर १४५९ च्या सुमारास याची सुरुवात झाली, आणि त्याच्याच काळात असा दंडक घातला गेला की सुलतानाने दिवाणाच्या, म्हणजे वजीरांच्या मंडळाच्या, बैठकीत इतरांबरोबर बसू नये आणि एकट्यानेच भोजन करावे. वास्तू या दंडकाला धरून वाढली. पहिल्या चौकात सामान्य माणूस येऊ शके. दुसऱ्या दरवाज्यातून घोड्यावर बसून आत जाण्याचा मान फक्त सुलतानाचा. वजीरांनाही तेथे पायउतार व्हावे लागे. त्या दुसऱ्या चौकात हजारो शिपाई उभे असत आणि तरीही तेथील शांतता परदेशी वकिलांच्या (राजदूतांच्या) अंगावर येई, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आत तर ही शांतता इतकी पाळली जाई की राजवाड्यात खुणांची भाषा रूढ झाली होती. तिसऱ्या दरवाज्याच्या मागे लगेच भेटीचे दालन आहे. तेथे वकिलाला दोन्ही दंडांना धरून आत नेत, आणि बऱ्याचदा सुलतान त्याच्याशी एक शब्दही बोलत नसे.

या वास्तूतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे दिवाणाच्या खोलीतील जाळीची खिडकी. वजीर खाली बसून कारभार चालवीत आणि वर जाळीमागे सुलतान बसलेला असे, किंवा नसेही. तो आहे की नाही हे खाली कळण्याचा मार्ग नव्हता, त्यामुळे प्रत्येक बैठक तो आहे असे गृहीत धरूनच चाले. दुसऱ्या कसोटीचे इतके स्वच्छ उत्तर इतर कोणत्याही राजवाड्यात मिळत नाही: येथे राजा वजा केला तरी धाक उरतो, आणि त्यासाठी लागते ती फक्त एक जाळी.

बीजिंगचे उत्तर याच्या जवळ जाणारे, पण वेगळे आहे. तेथे राजाच्या जागी विधी उरतो. मिंग घराण्याचा वानली सम्राट अनेक वर्षे दरबारात फिरकलाच नाही. १६०१ मध्ये बीजिंगला पोचलेल्या मातेओ रिची या जेसुइट धर्मप्रसारकाला त्याचे दर्शन कधीच घडले नाही आणि त्याने सगळे दंडवत रिकाम्या सिंहासनापुढे घातले. अक्ष, चौथरे, छपरांवरील प्राण्यांच्या मूर्तींची संख्या आणि पिवळ्या कौलांचा रंग यांनी क्रम इतका पक्का ठरवून ठेवला होता की, सिंहासनावर कोणी बसले आहे का, हा प्रश्न दुय्यम ठरला. एकोणिसाव्या शतकात सत्ता खरोखर राजमाता त्सशीच्या हाती असताना ती यांगशिन सभागृहात बालसम्राटाच्या सिंहासनामागे पिवळ्या पडद्याआड बसे. पडद्याआडून राज्य करणे हा वाक्प्रचार तेथे अक्षरशः खरा होता, आणि ते दालन आजही मुख्य अक्षापासून बाजूला, सहज नजरेतून निसटेल अशा जागी आहे.

व्हर्सायमधून मात्र राजा वजा केला की सगळेच कोसळते. १७१५ मध्ये चौदावा लुई त्या मध्यवर्ती शयनगृहात मरण पावला आणि दरबार तेथून निघून गेला, तो १७२२ मध्येच परतला. मधल्या काळात तो अवाढव्य डोलारा जवळजवळ रिकामा पडला होता. ७३ मीटर लांबीचे आरसे महाल, त्यातील ३५७ आरसे आणि समोरची १७ उंच खिडक्यांची रांग ही कोणी तरी त्यात प्रतिबिंबित व्हावे यासाठीच आहे. १६८६ मध्ये सयामच्या (आजच्या थायलंडच्या) वकिलांना याच महालाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला मांडलेल्या चांदीच्या सिंहासनापर्यंत चालत यावे लागले, आणि तीनच वर्षांनी युद्धाच्या खर्चासाठी राजवाड्यातील चांदीचे सामान वितळवावे लागले. कारंज्यांची कथाही याच जातीची आहे. सीन नदीचे पाणी चढवण्यासाठी मार्ली येथे १४ चाकांचे प्रचंड यंत्र बसवूनही सगळी कारंजी एकाच वेळी उडवण्याइतके पाणी पुरत नसे, म्हणून राजा जवळ येताच माळी शिट्टी वाजवून पुढच्या माणसाला कळवीत आणि तेवढ्यापुरते पाणी सुटे. जेथे राजा, तेथे पाणी; बाकीचे कोरडे. आज पर्यटकांसाठी ठरावीक दिवशी कारंजी सोडतात, तेव्हा ही मेख सांगितल्याशिवाय कळत नाही.

दिल्लीचा लाल किल्ला या यादीत थोडा अवघडून उभा आहे. शहाजहानने १६३८ ते १६४८ या काळात तो बांधला तेव्हा त्याची मांडणी या चौघांत सर्वांत समतोल म्हणावी अशी होती. लाहोरी दरवाजा, छत्ता चौक, नगारखाना, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास अशा पायऱ्यांनी सत्ता जवळ येत जाई, पण ती पूर्ण झाकली जात नसे. दिवाण-ए-आममध्ये बादशहा उंच झरोक्यात बसे, खाली संगमरवरी चौथऱ्यावरून वजीर अर्ज वर देई आणि मनसबीप्रमाणे प्रत्येकाची उभे राहण्याची जागा ठरलेली असे. ही जागा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण १६६६ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले, तेव्हा तो अपमान बोललेल्या शब्दांतून नव्हे, तर उभे राहण्याच्या जागेतूनच पोचवला गेला होता. दिल्लीत नदीच्या बाजूला मुसम्मन बुरुजावरून प्रजेला रोज दर्शन देण्याची प्रथा होती. ती औरंगजेबाने बंद केली, आणि १९११ मध्ये पंचम जॉर्जने राणीसह किल्ल्याच्या झरोक्यात उभे राहून तिची नक्कल केली. परक्या सत्तेलाही त्या झरोक्याची गरज वाटली, यावरून त्या जागेचे वजन ध्यानात येते.

अडचण अशी की, हा समतोल आता डोळ्यांनी दिसत नाही. मयूर सिंहासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. १८५७ नंतर ब्रिटिशांनी आतील बहुतांश इमारती पाडून बराकी उभारल्या. यमुनेचे पात्रही तटापासून दूर सरकले. जे मंडप उरले आहेत ते हिरवळीवर सुटे-सुटे उभे आहेत आणि त्यांना जोडणारे चौक, भिंती व देवड्या नाहीशा झाल्याने अंतराचा अनुभवच मिळत नाही. नकाशा हाती घेऊन मनात भिंती उभ्या करण्याची सवय असलेल्यालाच हा किल्ला पुरेसे काही देईल. प्रथमच राजवाडे अभ्यासणाऱ्याने तो शेवटी ठेवावा.

काय शिल्लक आहे, या मुद्द्यावर उरलेल्या तिघांतही फरक आहे. व्हर्सायचे मूळ सामानसुमान फ्रेंच क्रांतीच्या काळात लिलावात गेले, आज दिसते त्यात परत मिळवलेल्या आणि नव्याने केलेल्या वस्तूंचे मोठे प्रमाण आहे, आणि वकिलांसाठी बांधलेला भव्य जिना तर १७५२ मध्येच पाडला गेला. पण दालनांतून प्रत्यक्ष चालता येते, ही त्याची जमेची बाजू. बीजिंगमध्ये वास्तुरचना पूर्ण आहे, पण मुख्य सभागृहे उंबऱ्याबाहेरूनच पाहावी लागतात आणि संग्रहातील उत्तमोत्तम वस्तूंपैकी बऱ्याच १९४८-४९ मध्ये तैवानला गेल्या. तोपकापीत वास्तू आणि खजिना दोन्ही जागेवर आहेत. गर्दी तिन्हीकडे अफाट असते. तोपकापी मंगळवारी आणि बाकीची ठिकाणे सोमवारी बंद असतात, एवढे दिवस ठरवताना ध्यानात ठेवावे.

तेव्हा ज्याला समारंभ आणि दरबारी जीवन यांत रस आहे त्याने व्हर्साय निवडावे, आणि जाण्यापूर्वी राजाच्या दिनक्रमाविषयी वाचून जावे, नाही तर तेथे फक्त सोनेरी छते दिसतील. ज्याला स्थापत्यात रस आहे त्याने निःशंकपणे बीजिंगला जावे, दक्षिणेकडून शिरून उत्तरेला बाहेर पडावे आणि शेवटी जिंगशान टेकडीवर चढून संपूर्ण अक्ष एका नजरेत पाहावा. मात्र सत्ता हाच ज्याचा विषय आहे, त्याच्यासाठी माझे मत तोपकापीच्या बाजूने पडते. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे: त्याच शहरात दोलमाबाहचे नावाचा राजवाडा आहे. सुलतान अब्दुलमजिदने १८५६ मध्ये चौक-दरवाज्यांचा जुना वाडा सोडून बोस्फोरसच्या काठी या युरोपीय थाटाच्या, २८५ खोल्यांच्या राजवाड्यात मुक्काम हलवला. लपून राहण्यात ज्या घराण्याची प्रतिष्ठा होती, त्याने आता पाश्चात्त्य राजांसारखे दिसण्यासाठी साडेचार टनांचे झुंबर टांगले. हे दोन राजवाडे लागोपाठच्या दोन दिवशी पाहिले, तर व्हर्सायला न जाताही व्हर्सायचा प्रभाव कळतो.

तोपकापीत जाल तेव्हा थेट खजिन्याकडे वळू नका. तिसऱ्या दरवाज्यासमोर, जेथे राज्यारोहणाच्या दिवशी सुलतानाचे सिंहासन मांडले जाई, तेथे थांबून मागे वळा आणि दुसरा चौक त्या बाजूने पाहा. पायाजवळ जमिनीत खळगा असलेला एक लहानसा दगड दिसेल. मोहिमेच्या वेळी पैगंबरांचे निशाण तेथे रोवले जाई.