ट्राजन की हेड्रियन? खोलात जायचं तर आधी कोणाला धरावं

ऑगस्टस, टायबेरियस, कॅलिग्युला, नीरो एवढं वाचून झालं की रोमन सम्राटांच्या नादी लागलेल्या बहुतेकांची गाडी दुसऱ्या शतकाच्या तोंडाशी अडते. कारण सरळ आहे, सुएटोनियसची चरित्रं डोमिशियनपाशी संपतात आणि टॅसिटसचा जेवढा मजकूर आपल्यापर्यंत पोचलाय तो त्याच्याही बराच आधी तुटतो, मग पुढे जायचं कोणाचा हात धरून? समोर दोन मोठी नावं असतात, ट्राजन (९८ ते ११७) आणि हेड्रियन (११७ ते १३८). दोघांची घराणी स्पेनमधल्या इटालिका गावची, नात्यातले, एकाच्या मागून दुसरा गादीवर, आणि तरी स्वभाव अगदी वेगळे. मी दोघांमागे बराच वेळ घालवलाय त्यामुळे ज्यांना एकालाच धरून खोलात जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. "पाच चांगले सम्राट" वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते परत सांगत नाही.

सुरुवात बहुतेक जण ट्राजनपासून करतात आणि त्यात काही गैर नाही. साम्राज्य त्याच्याच काळात सगळ्यात मोठं झालं, डेशिया म्हणजे आजचा रोमेनिया जिंकला, १०६ मध्ये अरेबिया जोडला, ११६ मध्ये इराणकडच्या पार्थियनांची राजधानी टेसिफॉन घेतली. पुढे कित्येक शतकं नव्या सम्राटाला सिनेट "ऑगस्टसपेक्षा भाग्यवान हो आणि ट्राजनपेक्षा चांगला हो" अशी शुभेच्छा द्यायची, म्हणजे मोजमापाची पट्टीच तो. आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक ओढ असते. रोमन इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो की डेशिया जिंकून ट्राजन रोमला परतला तेव्हा त्याच्याकडे जे वकील आले त्यात हिंदुस्थानातलेही होते, आणि त्या विजयाचे खेळ १२३ दिवस चालले. पुढे इराणच्या आखातावर पोचल्यावर हिंदुस्थानाकडे निघालेलं जहाज बघून तो म्हणाला की मी तरुण असतो तर नक्की गेलो असतो. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचा काळ, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती ज्यांनी टाउन हॉल म्युझियममध्ये बघितलीय त्यांना ते जहाज लगेच डोळ्यासमोर येईल. मलाही ट्राजनकडे आधी खेचलं ते ह्याच गोष्टीने.

आणि ट्राजनच्या बाजूला एक हुकमी पत्ता आहे तो आधीच मान्य करतो, प्लिनीचा पत्रव्यवहार. धाकटा प्लिनी बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) गव्हर्नर असताना प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सम्राटाला विचारायचा आणि उत्तरं यायची, तीही मोजकी आणि स्वच्छ. निकोमेडियात मोठी आग लागली, प्लिनीने विचारलं की १५० माणसांचं अग्निशमन पथक उभं करू का, मी स्वतः लक्ष ठेवीन. ट्राजन म्हणाला नको, त्या भागात असे गट नंतर राजकारण करतात, त्यापेक्षा आग विझवायचं सामान उपलब्ध करून दे आणि घरमालकांनाच ते वापरायला लाव. त्याच निकोमेडियाने पाणी आणायच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) उधळले होते आणि काम अर्धवट सोडून पाडूनही टाकलं होतं, त्यावर ट्राजनचं म्हणणं असं की पाणी आण पण कोणाच्या चुकीने एवढा पैसा गेला तेही शोध. ख्रिश्चनांबद्दलचं उत्तर तर प्रसिद्धच आहे, त्यांना हुडकत फिरू नका आणि निनावी तक्रारी घेऊ नका. सरकारी फायली ज्यांनी हाताळल्यात त्यांना हा माणूस पटकन आवडेल. गरीब मुलांसाठीची योजनाही तशीच. जमीनदारांना कर्ज द्यायचं आणि त्या व्याजातून गावातली मुलं पोसायची, इटलीतल्या वेलेयाच्या ब्राँझ पत्र्यावर दर तिथे कोरलेलाच आहे, मुलाला महिन्याला १६ सेस्टर्स आणि मुलीला १२.

मग अडलं कुठे? माझं अडलं ते युद्धात. ट्राजन म्हणजे मुळात सेनापती, त्याच्या कारकिर्दीचा गाभा म्हणजे डेशियाची दोन युद्धं (१०१-१०२ आणि १०५-१०६), आणि नेमकं तिथेच आपल्या हातात धड मजकूर नाही. त्याने स्वतः ह्या युद्धाचा वृत्तांत लिहिला होता, सीझरसारखा. त्यातलं आज उरलंय काय तर एक वाक्य, "तिथून बेर्झोबिमला आणि मग ऐझीला पोचलो" एवढंच, आणि तेही उरलं कारण प्रिशियन नावाच्या व्याकरणकाराने पुढे काही शतकांनी ते उदाहरण म्हणून दिलं म्हणून. डिओचा ह्या काळाचा मूळ मजकूर गेला, उरलाय तो मध्ययुगात बायझँटाइन साधूने केलेला सारांश आणि काही उतारे. बाकी सगळी भिस्त रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर, त्याच्याभोवती वेढे घेत जाणाऱ्या पट्टीवर ही युद्धं कोरलेली आहेत.

स्तंभाबद्दल मला प्रेमच आहे हे आधी सांगतो. रोममध्ये खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितलं तरी खालचे काही वेढे सोडले तर फारसं दिसत नाही, म्हणून मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याची पूर्ण आकाराची प्लास्टर प्रत आहे (छताला बसेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केलेली) ती परत परत बघायला जायचो. १५५ प्रसंग, अडीच हजारांच्या वर माणसं, होड्यांचा पूल, तटबंदीसाठी हिरवळीच्या विटा खांद्यावर वाहणारे सैनिक, जखमीच्या मांडीला पट्टी बांधणारा वैद्य, आणि शेवटाकडे झाडाखाली गुडघ्यावर आलेला, वाकडी तलवार गळ्याशी नेणारा डेशियाचा राजा डेसेबालस. पण अख्ख्या पट्टीवर एक अक्षर नाही. ट्राजन स्वतः पन्नासच्या वर वेळा दिसतो तो आपण ओळखतो, डेसेबालस ओळखतो, बाकी त्याच्या शेजारी उभा राहून कानात बोलणारा अधिकारी कोण, ही नदी कुठली, हा जळणारा गाव कुठला, ही लढाई जिंकली की कशीबशी निभावली, काही कळत नाही. मी तज्ज्ञांची पुस्तकं घेऊन बसायचो तर एक म्हणतो हा प्रसंग टापेच्या लढाईचा, दुसरा म्हणतो छे, आणि दोघांकडेही शेवटी तेच चित्र. हेच मला खुपत राहिलं आणि ते काही केल्या गेलं नाही. एवढं मोठं युद्ध, एवढं जवळून बघायला मिळतंय, आणि विचारलेल्या साध्या प्रश्नालाही उत्तर नाही.

एकच दार जरा किलकिलं झालं ते १९६५ मध्ये, ग्रीसमध्ये फिलिपीजवळ एका घोडेस्वाराची कबर सापडली, टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस. त्याने जिवंतपणीच शिलालेख कोरून घेतला होता की डेसेबालसला मी पकडलं आणि त्याचं मुंडकं रानिस्टोरम इथे ट्राजनकडे नेऊन दिलं, वर त्याचं चित्रही आहे, घोडा उधळलाय आणि समोर राजा कोसळतोय. म्हणजे स्तंभावरच्या हजारो माणसांत एकाला तरी नाव मिळालं. पण ते मिळालं त्याच्या स्वतःच्या थडग्यावरून, स्तंभावरून नाही.

आता हेड्रियन. त्याच्याही बाबतीत तक्रारीला जागा आहे, नाही असं नाही. त्याचंही आत्मचरित्र गेलंच. त्याचं मुख्य चरित्र "हिस्टोरिया ऑगस्टा" नावाच्या संग्रहात येतं आणि तो संग्रह म्हणजे पुढेपुढे सरळ थापांचा बाजार आहे, हेड्रियनचा भाग त्यातल्या त्यात बरा मानतात पण वाचताना सावध राहावंच लागतं. माणूस म्हणूनही तो ट्राजनइतका सरळ नाही. गादीवर आल्या आल्या चार माजी कॉन्सल मारले गेले, सिनेटने ते कधी विसरलं नाही. ट्राजनने खरंच त्याला दत्तक घेतलं की त्याच्या बायकोने, प्लोटिना राणीने, मागाहून कागद केले हा संशय तेव्हाही होता, डिओ तर म्हणतो की पत्रांवर सही ट्राजनची नव्हती, तिची होती. वास्तुविशारद अपोलोडोरस ट्राजनशी बोलत असताना हेड्रियनने मध्ये तोंड घातलं म्हणून अपोलोडोरस त्याला म्हणाला "जा, तुझे भोपळे काढत बस", आणि सम्राट झाल्यावर हेड्रियनने त्याला ठार केलं असं डिओ सांगतो, ह्यावर सगळे विश्वास ठेवत नाहीत पण डूख धरणारा होता हे मला खरं वाटतं.

सगळ्यात जड गोष्ट म्हणजे ज्युडिया, ज्यूंचा प्रांत. जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना नावाचं रोमन शहर वसवायचं ठरवलं, १३२ मध्ये बार कोखबाचं बंड उठलं, आणि ते मोडताना डिओच्या म्हणण्याप्रमाणे ९८५ गावं उद्ध्वस्त झाली आणि लढाईत ५ लाख ८० हजार माणसं मेली. आकडा फुगवलेला असेलही, पण प्रांताचं नावसुद्धा बदलून सीरिया पॅलेस्टिना केलं गेलं. शांतताप्रिय, कलाप्रेमी हेड्रियन एवढंच डोक्यात घेऊन जो वाचायला बसेल त्याला हे प्रकरण पचायला वेळ लागेल, आणि लागावाच.

तरीही माझा कौल जरासा त्याच्याकडे झुकतो, कारण हा माणूस जागच्या जागी सापडतो. कारकिर्दीतला निम्म्याहून जास्त काळ तो इटलीबाहेर फिरत होता आणि जिथे गेला तिथे दगडावर काहीतरी उरलं. १२८ मध्ये उत्तर आफ्रिकेत लाम्बेसिसला (आजचं अल्जीरिया) त्याने सैन्याच्या कवायती बघितल्या आणि नंतर जे भाषण केलं ते सैनिकांनी मैदानावरच्या स्तंभाच्या चौथऱ्यावर कोरून ठेवलं. ते वाचताना मला पहिल्यांदा एखादा रोमन सम्राट समोर बोलतोय असं वाटलं. तो म्हणतो, तुमच्या सेनापतीने मला तुमच्या बाजूने सगळं सांगितलंय, तुमची एक तुकडी दरवर्षी पाळीने गव्हर्नरकडे जाते, दोन वर्षांपूर्वी तुम्ही दुसऱ्या एका लिजनला (रोमन सैन्याचा मोठा विभाग) माणसं दिलीत, चौक्या लांबलांब पसरलेल्या, दोनदा छावणी हलवून नवी बांधलीत, त्यामुळे कवायत ढिली झाली असती तरी मी समजून घेतलं असतं, पण ती ढिली झाली नाही. मग कमी पगाराच्या घोडेस्वारांना सांगतो की वरच्या दर्जाच्या स्वारांचं प्रदर्शन झाल्यावर लगेच तुमचा नंबर, अशा वेळी छाप पाडणं अवघड, तुमचे घोडे आणि हत्यारं पगाराच्या मानानेच असणार, पण तुमच्या उत्साहाने तुम्ही कंटाळा येऊ दिला नाहीत. किती बारीक लक्ष आहे बघा. कोणाला किती पगार, कोणाची छावणी कधी हलली, सगळं ठाऊक असलेला माणूस. प्लिनीच्या पत्रांतला ट्राजन हुशार आहे पण तो टेबलामागे आहे, हा धुळीत उभा आहे.

तसंच इजिप्तचं. १३० मध्ये नाईलमध्ये त्याचा लाडका तरुण सोबती अँटिनस बुडाला, हेड्रियन ढसाढसा रडला, तिथेच त्याच्या नावाचं शहर वसवलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सम्राट आणि राणी सबिना मेम्नॉनचा पुतळा ऐकायला गेले (पहाटे त्यातून आवाज यायचा). सोबतच्या ज्युलिया बाल्बिलाने लिहिलेल्या ग्रीक कविता त्या पुतळ्याच्या पायावर कोरल्या आहेत, आजही आहेत. कोण होतं, कधी होतं, सगळ्याला नाव आहे. आणि ब्रिटनमधली त्याची भिंत तर आहेच, १२२ मध्ये सुरू झालेली, ऐंशी रोमन मैल. हाउसस्टेड्सच्या बाजूने वाऱ्यात चाललात की ट्राजनने वाढवत नेलेली सरहद्द ह्याने का थांबवली ते पायांना कळतं, एवढ्या चौक्यांना रोज भाकरी पोचवायची म्हणजे काय ते तिथे दिसतं. (प्रामाणिकपणे सांगायचं तर जवळच्या विंडोलांडाला सापडलेल्या लाकडी पत्र्यांवरची पत्रं, वाढदिवसाला बोलावणारं क्लॉडिया सेवेराचं पत्र धरून, बरीचशी भिंतीच्या आधीची आहेत, म्हणजे ती ट्राजनच्या खात्यात जातात.)

त्याच्या पुतळ्यांच्या कानाच्या पाळीवर एक तिरकी घडी दिसते, एकदा माहीत झाली की नजर आधी तिकडेच जाते. आजचे काही डॉक्टर ती हृदयविकाराशी जोडतात. शिल्पकारांनी ती गुळगुळीत केली नाही, कोरून ठेवली.

आता निवडायचं कसं. तुम्हाला राज्यकारभार, कायदा, पैसा ह्यात रस असेल तर ट्राजनच घ्या आणि युद्धांच्या नादी न लागता थेट प्लिनीच्या पत्रांचा दहावा भाग उघडा, माझ्यासारखे स्तंभात अडकू नका. चित्रं बघून स्वतः अर्थ लावण्यात मजा येत असेल तर जे मला खुपलं तेच कदाचित तुम्हाला आवडेल, तसे लोक मी बघितलेत. पण माणूस हवा असेल, गुणदोषांसकट, आणि त्याच्या मागून नकाशा घेऊन फिरता यावं असं वाटत असेल तर मी म्हणेन हेड्रियन. सुरुवात लाम्बेसिसच्या भाषणापासून करा, मग डिओचं एकोणसत्तरावं पुस्तक, ज्युडियाचा भाग टाळू नका, आणि "हिस्टोरिया ऑगस्टा" सगळ्यात शेवटी, पेन्सिल हातात घेऊन.